पिंपातलं पाणी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा बंब आहे. वय विचाराल तर साठीच्या पुढचं. नक्की सांगता येत नाही, कारण आमच्यात वाढदिवस करायची पद्धत नाही. माझ्यासारखी जुनी भांडी आपली गोष्ट सांगायला बसली की आधी स्वतःचं कौतुक सांगतात आणि मग रडगाणं गातात. मीही दोन्ही करणार आहे, पण थोडक्यात. मला खरं तर एक कबुली द्यायची आहे. गेलं वर्षभर मी ती पोटात घेऊन अंगणात उभा आहे, आणि आतून चांगली कल्हई असूनही ती मला आतून खाते आहे.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. एका तांबटाने सपाट पत्र्याला ठोके देऊन देऊन मला गोलाई आणली. त्या आळीत जन्माला येणं म्हणजे मार खाऊनच मोठं होणं. पण त्या माराचा कुणी राग धरत नाही, कारण प्रत्येक ठोका पुढे जन्मभर अंगावर चमकत राहतो. तिथून मला नारायण पेठेतल्या एका कुटुंबाने नेलं. पोटात मधोमध विस्तवाचा नळा, त्याच्या भोवती पाणी आणि खाली पितळी तोटी, असा मी न्हाणीघराच्या कोपऱ्यात उभा राहिलो. रोज सकाळी सात माणसांच्या आंघोळी उरकून द्यायचो. दिवाळीच्या आधी मला चिंच आणि राख लावून घासायचे, आणि मग आलेला पाहुणा म्हणायचा, "काय लखलखतोय हो तुमचा बंब." त्यावर घरमालक म्हणायचे, "लखलखतोय, कारण त्याच्याकडे रोज पाहुणे येत नाहीत." माझ्या बोलण्याला कुठे धार लागली असेल, तर ती त्या घरातली समजा.

मग भिंतीवर एक पांढरा गीझर आला. मी माळ्यावर गेलो, माळ्यावरून भंगारात आणि भंगारातून जुन्या बाजारात. तिथे एका बंद पडलेल्या शिलाई मशिनशेजारी मी कित्येक रविवार ऊन खात बसलो. लोक यायचे आणि याची कुंडी होईल का, असं माझ्या तोंडावर विचारायचे. ज्याने सात माणसांच्या घराला कधी गार पाण्याने आंघोळ करू दिली नाही, त्याला हे ऐकून घ्यावं लागत होतं.

एका रविवारी जयसिंगराव आले. हडपसरच्या एका कारखान्यात तीस वर्षं वेल्डिंग करून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी कौतुक केलं नाही की कुंडीचं नाव काढलं नाही. बोटाच्या पेराने मला तीनदा वाजवलं, कान देऊन ऐकलं, "आवाज भरीव हाय," एवढंच म्हणाले आणि मला टेम्पोत चढवलं.

त्यांचं घर हडपसरच्या पुढे, जिथे पूर्वी शेतं होती आणि आता उंच इमारती आहेत. त्यांची जमीनही त्या इमारतींच्या खालीच गेली. उरलं ते बैठं घर, समोर अंगण आणि मागे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. त्या पट्टीत जयसिंगरावांच्या बायकोने, म्हणजे नंदाताईने, वासाचं गवत लावलं होतं. सिट्रोनेला हे त्याचं कागदावरचं नाव. दिसायला गवती चहासारखंच, पण जरा आडमाप, आणि पान चुरगाळलं की लिंबासारखा झणका थेट नाकात. या गवताचं तेल अंगाला लावलं की डास जवळ येत नाहीत, हे नंदाताई आणि तिची शेजारीण द्वारकाबाई एका प्रशिक्षणात ऐकून आल्या होत्या. दोघी एकाच बाकावर बसल्या आणि एकाच वहीत लिहून घेतलं. वही द्वारकाबाईची, अक्षर नंदाताईचं.

त्या वहीबरहुकूम जयसिंगरावांनी माझा कायापालट केला. पोटातला विस्तवाचा नळा कापून काढला, आत नवी कल्हई करून घेतली, मधे जाळी बसवली आणि खाली चूल मांडली. डोक्यावर घट्ट झाकण आलं. त्या झाकणातून एक तांब्याची नळी निघाली, शेजारच्या निळ्या प्लास्टिकच्या पिंपात वेटोळी घेत उतरली आणि बुडाशी बाहेर आली. जाळीखाली पाणी, जाळीवर गवत, झाकणाच्या फटींना कणकेचा लेप. पाणी उकळलं की वाफ गवतातून वर चढते आणि जाताना त्यातलं तेल बरोबर घेते. पिंपातल्या गार पाण्यातून उतरताना त्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, आणि बाहेर ठेवलेल्या काचेच्या बरणीत त्या पाण्यावर तेलाचा पिवळसर थर तरंगू लागतो. आठ किलो गवताला जेमतेम अर्धी वाटी तेल.

"एवढंच?" पहिल्या दिवशी बरणीत डोकावून द्वारकाबाई म्हणाली. "सकाळधरनं धूर खातोय आपण."

"म्हशीचं दूध हाय व्हय ते, बादलीभर निघायला?" नंदाताई म्हणाली, आणि दोघी हसल्या. मला तो दिवस फार आठवतो.

मित्रांनो, त्यानंतरची तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात मानाची. ते तेल खोबरेलात मिसळून त्याच्या बाटल्या जायच्या, आधी गल्लीत, मग समोरच्या इमारतींत, मग पार बुधवार पेठेतल्या एका दुकानात. लोक अंगणात यायचे, माझा फोटो काढायचे. आंघोळीचं पाणी तापवणारा मी आता डासांचा काळ झालो होतो, निदान माझी तशी समजूत होती. माणसाला काय किंवा बंबाला काय, स्तुती फार चढते.

आता तुम्हाला एक नियम सांगितला पाहिजे, कारण सगळं तिथेच बिनसलं. वहीत पहिल्याच पानावर, खाली दोन रेघा मारून लिहिलेलं होतं : वेटोळं पाण्यात बुडालेलं असलं पाहिजे. सुरुवातीला एकदा पिंप अर्धंच भरलेलं असताना भट्टी पेटवली होती. वाफ गार झालीच नाही, फस्सकन बाहेर गेली, आणि त्या दिवशीचं सगळं तेल हवेत. गल्लीला दिवसभर मस्त वास आला आणि बरणीत थेंब नाही. नंदाताईने त्या दिवसाचा असा धसका घेतला, की तेव्हापासून पिंप भरलेलं नसलं तर तिला चैन पडेना. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड. त्यामुळे भरलेलं पिंप म्हणजे निम्मी चिंता मिटली. वेटोळं बुडालेलं असलं पाहिजे, हे प्रशिक्षणातल्या सरांनी सांगितलं होतं ते भट्टी पेटलेली असतानासाठी. पण सरांनी ते वेगळं बोलून दाखवलं नाही आणि हिने विचारलं नाही.

एरवी त्यात बिघडत काही नव्हतं. आठवड्यातून तीनदा भट्टी लागायची, पिंपातलं पाणी तापायचं, त्यात कपडे धुतले जायचे आणि नवं पाणी भरलं जायचं. पण पावसाळ्यात गवत ओलं असतं, तेल कमी उतरतं. म्हणून गेल्या आषाढात पहिल्यांदाच भट्टी बंद झाली. बंद करताना नंदाताईने काय केलं? पिंप काठोकाठ भरलं, वर गोणपाट टाकलं, आणि माझ्या झाकणाला हात जोडून घरात गेली. त्या गोणपाटाला माझी नळी जाण्यापुरतं भोक होतं. नळी बोटाएवढी आणि भोक मुठीएवढं.

त्या दिवसांत मला फार एकटं वाटायचं. रोज भोवती माणसं, धूर, गप्पा, आणि अचानक कुणी फिरकेना. अशात एक दिवस पिंपातल्या माझ्या वेटोळ्याला गुदगुल्या झाल्या. बारीक, दोऱ्याच्या तुकड्यांसारखे काहीतरी जीव होते. शेपटी वर, डोकं खाली, असे पाण्याच्या वरच्या थराला लोंबकळायचे आणि जरा धक्का लागला की वळवळत खाली पळायचे. ते कोण आहेत हे मला कळलं नाही असं मी म्हणू शकतो. पण खोटं कशाला बोलू? आठवड्याभरात त्यांतले काही जण पंख घेऊन त्या भोकातून बाहेर पडले, तेव्हा मला कळलं. पायांवर पांढरे पट्टे असलेले डास. आणि तरीही मला त्यांचा राग आला नाही. माझ्या रिकाम्या दिवसांत ती मला सोबत वाटली. डासांचा काळ म्हणवणारा मी, त्यांची पोरं माझ्या अंगाखांद्यावर खेळवत होतो.

श्रावणात घरोघरचं पाणी तपासत महापालिकेच्या दोन बायका आल्या. नंदाताई दारातच उभी राहिली.

"पाण्याची भांडी बघायची आहेत ताई, साठलेलं पाणी कुठे आहे का."

"बघा की. पर आमच्याकडं डासाची अळी? अहो, आम्ही डासावरचं तेल काढतो हितं. वास येत नाय का तुमाला?"

"येतो ना. फार छान येतो."

मग चहा झाला. दोघींनी फ्रीजमागचा ट्रे पाहिला, मोरीतला हौद पाहिला, आणि अंगणात येऊन एकीने गोणपाटाकडे हात नेला.

"ते भट्टीचं हाय," नंदाताई म्हणाली. "ते उघडायचं नसतंय." आणि दोघींच्या हातात एकेक बाटली ठेवली. लबाडी नव्हती हो तिच्या मनात. तिची खरोखर खात्री होती. त्या दोघी आभार मानून गेल्या. मी तिथेच होतो, हातभर अंतरावर. माझ्या वेटोळ्याला तेव्हाही गुदगुल्या होत होत्या.

द्वारकाबाईला एकच मुलगी, तनुजा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. त्यांच्या घरात दिवसभर टीव्ही चालू, म्हणून ती दुपारनंतर पुस्तकं घेऊन आमच्या अंगणात यायची आणि माझ्या शेजारच्या पायरीवर बसायची.

"मावशी, तुमच्याकडे बेस्ट आहे," ती म्हणायची. "नेटवर्क नाही, डास नाहीत. सिरियसली, अभ्यास करण्याशिवाय ऑप्शनच नाही."

संध्याकाळ झाली की नंदाताई तिच्या हातापायांना तेल चोळायची. पण हे पट्टेवाले डास संध्याकाळ व्हायची वाट पाहत नाहीत. ते दिवसाउजेडी चावतात. श्रावण सरता सरता एका दुपारी चारच्या सुमाराला त्यांतला एक गोणपाटाच्या भोकातून निघाला आणि तनुजाच्या घोट्यावर बसला. ती वाचनात गढलेली होती. तिने नुसताच पाय झटकला. मी पाहिलं, मित्रांनो. कुठला डास कुणाला आजार देतो, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही. पण तो कुणाच्या घरचा होता, हे मला माहीत होतं.

पाच-सहा दिवसांनी तनुजाला ताप आला. हाडं फुटून निघतील असा. चौथ्या दिवशी तिला दवाखान्यात हलवलं. डेंगी. रक्तातल्या पेशी भराभर कमी होत होत्या, आणि द्वारकाबाई घर आणि दवाखाना यांच्यामध्ये नुसती धावत होती. गल्लीत आणखी दोघांना ताप होता. मग गल्लीने, गल्ल्या करतात तसं, कारण शोधायला सुरुवात केली. आणि ते सापडायला वेळ लागला नाही. द्वारकाबाईच्या गॅलरीत चिमण्यांसाठी पाण्याचं एक मातीचं वाडगं असायचं. बारा वर्षं ती ते रोज घासून भरत होती. साऱ्या गल्लीत उघडं, डोळ्यांना दिसणारं पाणी तेवढंच. मग काय, जो तो त्या वाडग्याकडे बोट दाखवू लागला. कुणी तोंडावर म्हणालं, कुणी पाठीमागे. गोणपाटाखाली कुणी पाहिलं नाही, कारण आमच्याकडून तर डास पळून जातात, असा आमचा लौकिक होता.

द्वारकाबाईने एक दिवस नंदाताईला निरोप दिला, की दवाखान्यात पोरीला डास फोडून खातात, तेलाची एक बाटली पाठव. घरात शिल्लक नव्हती. नंदाताईने पावसात मिळेल तेवढं गवत कापलं, चुलीत लाकडं सारली आणि पाणी पुरेसं आहे ना, हे बघायला पिंपावरचं गोणपाट उचललं.

बराच वेळ ती वाकूनच उभी होती. पाण्यावर सावली पडली तसे ते सगळे वळवळत खाली गेले, आणि थोड्या वेळाने एकेक करून परत वर आले.  मग तिने नळीचा सांधा सोडवला आणि एकटीने ते अख्खं पिंप आडवं केलं. आवाज ऐकून जयसिंगराव बाहेर आले. फरशीवरून पाणी गवताकडे निघालं होतं आणि मागे राहिलेले जीव ओल्या फरशीवर तडफडत होते. त्यांनी ते पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"किती दिवस व्हतं हे?"

"आषाढापासनं."

जयसिंगरावांनी खराटा घेतला आणि फरशी झाडली. "कुणाला सांगत बसू नको," ते म्हणाले. "आता बोलून पोरीचा ताप उतरनार हाय का?"

त्यांच्या बोलण्यात तसं खोट काढण्यासारखं काही नव्हतं. ताप उतरणार नव्हताच. नंदाताईने पिंप घासलं, नवं पाणी भरलं, भट्टी लावली. त्या दिवशी मी तेल दिलं, पण इतक्या शरमेने मी कधी तापलो नव्हतो. ती बाटली दवाखान्यात गेली. मी बोलूनचालून भांडं. पण नंदाताईला तोंड होतं, आणि पुढचे चार दिवस तीही माझ्यासारखीच भांडं होऊन राहिली. जेवायला बसायची आणि ताटावरून उठायची. अंगणात आली की पिंपाकडे पाठ करून उभी राहायची. माझ्याकडे तर तिने पाहिलंच नाही.

पाचव्या दिवशी सकाळी द्वारकाबाई आली. पोरीच्या पेशी स्थिर झाल्या, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून अंघोळीपुरती घरी आली होती. ती तनुजाच्या पायरीवर बसली. नंदाताईने चहा आणला.

"वाडगं फोडलं मी आज," द्वारकाबाई म्हणाली. "चिमण्या आल्या व्हत्या. बसल्या, बघितलं, उडून गेल्या."

नंदाताईने आपला चहा बशीत ओतला.

"बारा वरसं रोज घासत व्हते नंदे. एखाद्या दिवशी इसरले असंन. लोकं काय उगाच बोलत नसतील. माझ्याच हातानं माझ्या पोरीला मी..." पदराने डोळे पुसून ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "तुझं बरं हाय बाई. तुझ्या दारात डास फिरकत नाय."

मित्रांनो, उकळत्या पाण्याने मी कधी फुटलो नाही. पण त्या वाक्याने माझा टाका निघेल असं मला वाटलं. नंदाताईने हातातली बशी खाली ठेवली.

"द्वारके, तुझ्या वाडग्यात काय नव्हतं. माझ्या पिंपात व्हतं."

"काय व्हतं?"

"अळ्या. आषाढापासनं पाणी तसंच ठिवलं मी. ढिगानं अळ्या व्हत्या. तनू हितंच बसायची, ह्याच पायरीवर. त्या तपासायला आल्या तर मी त्यांनाबी उघडू दिलं नाय."

द्वारकाबाई एकदम ओरडेल, असं मला वाटलं होतं. तिने फक्त पिंपाकडे पाहिलं, मग नंदाताईकडे. "कधी कळलं तुला?"

"आज पाचवा दिस."

"बाटली पाठवलीस तवा?"

"तवाच."

द्वारकाबाई उठली. चहाला तिने हात लावला नव्हता. "पिंपाचं मी समजून घेतलं असतं," ती म्हणाली. "इसरतं मानूस. पर चार दिस मी तिच्या उशाशी बसून सोताला शिव्या देत व्हते, आन् तुला म्हाईत व्हतं." आणि ती निघून गेली. कपातल्या चहावर साय धरेपर्यंत नंदाताई तिथेच बसून होती.

त्याच दिवशी संध्याकाळी गल्लीतल्या गणपतीच्या आरतीनंतर नंदाताई सगळ्यांसमोर उभी राहिली आणि वाडग्यात नव्हे, माझ्या पिंपात अळ्या होत्या, असं सांगून आली. जयसिंगराव तिच्या शेजारी उभे होते, असं मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिंपाच्या बुडाला एक मोठी तोटी बसवली, म्हणजे एका माणसाला सहज रिकामं करता यावं. गल्लीतल्या काहींनी बाटल्या आणून परत दिल्या. एकाने तर वर विचारलं, "यात अळ्या फुकट मिळतात का?" नंदाताईने ते ऐकून घेतलं. ज्यांनी वाडग्याला नावं ठेवली होती, ते मात्र द्वारकाबाईच्या दारात काही बोलायला गेले नाहीत. त्यांना एकाएकी खूप कामं निघाली.

तनुजा बरी होऊन घरी आली. महिनाभराने ती एकदा आमच्या अंगणात आली. चेहरा उतरलेला, केस गळून विरळ झालेले. तिने पायरीवर बसायच्या आधी पिंपावरचं गोणपाट उचलून आत पाहिलं. पिंप कोरडं होतं.

"तुमचा राग नाही आला असं नाही, मावशी," ती म्हणाली. "पण आईला तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. ती मला रोज सॉरी म्हणायची. मला ते तापापेक्षा बेकार वाटायचं."

नंदाताईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हातात आलेले केस मुठीत लपवले.

द्वारकाबाई मात्र येत नव्हती. दसरा गेला, दिवाळी गेली. गवत छान वाढलं होतं, तेल उतरायचे दिवस आले होते, पण नंदाताई भट्टी पेटवायला धजेना. दोघींनी मिळून सुरू केलेलं काम, एकटीने कुठल्या तोंडाने करायचं?

मग एका सकाळी फाटक वाजलं. द्वारकाबाई आली होती, काखेत ती जुनी वही घेऊन. पायरीवर न बसता ती उभ्यानेच म्हणाली, "पेन हाय का?"

नंदाताईने पेन आणून दिलं. द्वारकाबाईने वहीचं पहिलं पान उघडून माझ्या झाकणावर ठेवलं, म्हणून मला ते वाचता आलं. नंदाताईच्या अक्षरातल्या त्या वाक्याखाली, दोन रेघांच्या खाली, तिने आपल्या गिचमिड अक्षरात सावकाश लिहिलं : भट्टी पेटलेली असताना. विझली की पिंप पालथं.

"लिहून घेताना मीबी शेजारीच बसले व्हते," ती म्हणाली. "मला तरी कुठं इचारायचं सुचलं?" मग वही मिटून तिने पदर खोचला. "हं. गवत आण. आन् चहा टाक. त्या दिवशीचा ऱ्हायलाय माझा."

त्या दिवशी आठ किलो गवताला अर्धी वाटीच तेल निघालं. कमी नाही, जास्त नाही. द्वारकाबाईच्या गॅलरीत आता नवं वाडगं आहे, आणि ते पालथं घालून घासताना रोज सकाळी त्याचा आवाज मला इथवर ऐकू येतो.

तेव्हापासून नंदाताई बाटली देताना प्रत्येकाला सांगते, "तेल लावा, पर आधी घरातलं पाणी बघा. माझ्याच पिंपात व्हत्या अळ्या." काही जण ते ऐकून बाटली न घेताच जातात. ती जाऊ देते.

मित्रांनो, मला कबुली द्यायची होती ती ही. नंदाताई चार दिवस गप्प राहिली आणि तिने सगळ्या गल्लीसमोर ते फेडलं. मी दोन महिने गप्प होतो, आणि मला ते कुणासमोर फेडता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. आठवड्यातून एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी घरातलं प्रत्येक साठलेलं पाणी ओतून टाका : कुंडीखालची ताटली, कूलर, गच्चीवरची बादली, आणि जिथे काही नसणारच अशी तुमची खात्री आहे, ते भांडं सगळ्यात आधी. आमच्या घरी तो दिवस मंगळवार आहे. द्वारकाबाई येते, तोटी सोडते, वेटोळं काढून ठेवते, पिंप पालथं घालते आणि बुडावर दोन थापा मारते. मग माझं वेटोळं दिवसभर उघडं, वाऱ्यावर कोरडं असतं. त्याला आता गुदगुल्या होत नाहीत. एकटं वाटतं कधीकधी, पण ते मी सोसतो.